एक किलोमीटर रशिया

१/ एस्टोनियाच्या आग्नेय टोकाला वार्स्काहून सात्से गावाकडे जाणारा एक रस्ता सुमारे एक किलोमीटर रशियाच्या हद्दीतून जातो. या भूभागाला आकारावरून ‘सात्सेचा बूट’ म्हणतात. तेथून जाण्यास व्हिसा लागत नसे. मात्र पायी चालण्यास वा वाहन थांबवण्यास सक्त मनाई होती.

२/ १९२०च्या तार्तू तहानुसार हा प्रदेश एस्टोनियाचा होता. १९४४नंतर सोव्हिएत सत्तेने पेत्सेरी परिसराचा बहुतांश भाग रशियन प्रजासत्ताकाला जोडला. दोन्हीकडे राज्य एकच, त्यामुळे ही रेषा दोन तालुक्यांच्या शिवेइतकीच सौम्य होती. १९९१मध्ये एस्टोनिया पुन्हा स्वतंत्र झाला आणि तीच रेषा दोन राष्ट्रांमधील सीमा ठरली.

३/ भूभागांची अदलाबदल करून हा तिढा सोडवणारे करार २००५ आणि २०१४मध्ये झाले. अमलात एकही आला नाही. ऑक्टोबर २०२५मध्ये तेथे सशस्त्र रशियन तुकडी दिसली आणि एस्टोनियाने रस्ता बंद केला.

४/ सीमांचा इतिहास केवळ युद्धे आणि तह यांतून वाचणे म्हणूनच अपुरे आहे. कचेरीत सोयीसाठी आखलेली रेषाही तितकीच निर्णायक ठरते. ती आखणारे राज्य लयाला जाते, रेषा मात्र उरते. आणि वळसा गावकऱ्यांना घालावा लागतो.