गाडी कमी चालवा, पक्षी जास्त दिसतील

दिवाळीच्या सुट्टीत न्यूझीलंडला जाऊन कॅम्परव्हॅन भाड्याने घेणारी मराठी कुटुंबं आता नवलाची राहिलेली नाहीत. वाहतूक आपल्यासारखीच डाव्या बाजूने, इंग्रजीत छापलेला भारतीय परवाना काही काळ चालतो, स्वयंपाक आणि झोपण्याची सोय गाडीतच. पण या सहलींची वेळापत्रकं पाहिली की वाईट वाटतं. आज क्राइस्टचर्च, उद्या क्वीन्सटाउन, परवा मिलफर्ड साउंड गाठून त्याच दिवशी परत. क्वीन्सटाउन ते मिलफर्ड एका बाजूचं अंतर जवळपास २९० किलोमीटर आहे. सगळा दिवस स्टिअरिंगवर जातो आणि जगात दुसरीकडे कुठेही न दिसणारे पक्षी बघायचे राहून जातात.

या देशात वटवाघळं सोडली, तर जमिनीवरचा एकही सस्तन प्राणी मूळचा नाही. त्यामुळे पक्षी निर्धास्तपणे जमिनीवर घरटी करू लागले, काहींनी उडणंही सोडलं. मग माणसांबरोबर उंदीर आले. सशांचा बंदोबस्त करण्यासाठी १८८० च्या दशकात स्टोट हा चपळ मांसभक्षी प्राणी आणला गेला आणि तो सशांबरोबर पक्ष्यांवरही तुटून पडला. (आपली साळुंकीही १८७० च्या दशकात तिथे नेली गेली. उत्तर बेटावर ती आज उपद्रवी मानली जाते.) उंदीर, स्टोट आणि पोसम या बाहेरून आलेल्या प्राण्यांना २०५० पर्यंत हद्दपार करण्याचं उद्दिष्ट सरकारने २०१६ मध्ये जाहीर केलं.

दक्षिण बेटावरच्या डोंगरात भेटतो तो किया. उंच पर्वतांत राहणारा हा पोपट विलक्षण हुशार आहे. आर्थर्स पासला किंवा मिलफर्डच्या वाटेवरच्या होमर बोगद्यापाशी गाडी थांबली की तो टपावर उतरतो आणि वायपरचं रबर कुरतडू लागतो. मुलं हरखतात, कुणीतरी बिस्किटाचा तुकडा पुढे करतं. हे करू नये. मेंढ्यांना इजा करतो म्हणून एके काळी सरकार किया मारण्यासाठी बक्षीस देत असे आणि त्यात सुमारे दीड लाख किया मारले गेले. पूर्ण संरक्षण मिळालं ते १९८६ मध्ये. आज जंगलात त्यांची संख्या काही हजारांपुरतीच उरली आहे. खाऊ मिळतो हे कळलं की हे पक्षी रस्त्यावर घुटमळतात आणि गाड्यांखाली येतात. वस्तीत रेंगाळणारे किया जुन्या छपरांचं शिसं चावतात, त्याने त्यांना विषबाधा होते.

कॅम्परव्हॅनचा खरा फायदा मिळतो किनाऱ्यावर, तोही संध्याकाळी आणि पहाटे, म्हणजे टूर बसचे प्रवासी हॉटेलात असतात तेव्हा. ओमारूला अंधार पडल्यावर निळे पेंग्विन समुद्रातून बाहेर येतात. जेमतेम किलोभर वजनाचा हा जगातला सर्वांत लहान पेंग्विन. ऑक्टोबर-नोव्हेंबर हा त्यांच्या विणीचा काळ, म्हणजे नेमकी आपली दिवाळी.

त्याहून दक्षिणेला, कॅटलिन्स भागात क्युरिओ बे आहे. तिथे किनाऱ्यालगतच कॅम्पिंगची जागा आहे, ओहोटीला ज्युरासिक काळातलं अश्मीभूत जंगल उघडं पडतं आणि शेजारच्या पॉरपॉइज बेमध्ये उन्हाळ्यात इवलेसे हेक्टर डॉल्फिन येतात. होइहो हा पिवळ्या डोळ्यांचा दुर्मीळ पेंग्विनही इथलाच. २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या लोकांनी त्याला वर्षाचा पक्षी म्हणून निवडलं. पण तो कमालीचा बुजरा आहे. वाळूवर माणूस दिसला की मासे घेऊन आलेला पेंग्विन बाहेर यायला धजावत नाही, आणि घरट्यातलं पिल्लू उपाशी राहतं. म्हणून किमान ५० मीटर दूर राहायचं, फ्लॅश बंद ठेवायचा, आणि एका जागी बसून दुर्बिणीतून बघायचं. चांगला फोटो मिळाला नाही तरी चालेल.

दिवाळीला निघणाऱ्यांना आग्रहाने सांगावंसं वाटतं की यादीतलं एक शहर गाळा आणि क्युरिओ बेला किंवा ओमारूला सलग दोन मुक्काम करा. दुर्बीण घरातल्या प्रत्येकासाठी वेगळी घ्या. बॅगेतला फराळ आणि वापरलेले ट्रेकिंगचे बूट विमानतळावर न चुकता जाहीर करा, कारण बाहेरची बी-बियाणं आणि रोगजंतू रोखण्याबाबत तिथले अधिकारी अत्यंत कडक आहेत. जाहीर न केल्यास ४०० न्यूझीलंड डॉलरचा दंड जागच्या जागी होतो.