उत्क्रांतीचा तक्ता आणि मलिक अंबरचा चेहरा

'आपण सारे मूळचे आफ्रिकेतले' हे वाक्य मराठी वैचारिक लेखनात आता इतके रुळले आहे की ते लिहिताना कोणाचा हात अडखळत नाही. विज्ञानाच्या दृष्टीने ते खरेच आहे. मोरोक्कोतील जेबेल इर्हूद येथील मानवी अवशेष सुमारे ३ लाख वर्षांपूर्वीचे आहेत. इथिओपियातील हदार येथे १९७४ साली सापडलेली 'लूसी' तर ३२ लाख वर्षांपूर्वीची. आमची हरकत वाक्याच्या खरेपणाला नाही, त्याच्या सोयीस्करपणाला आहे. सगळेच आफ्रिकेतले म्हटले की आपल्यात खरोखर राहून गेलेल्या एखाद्या आफ्रिकी माणसाकडे वेगळे पाहण्याची गरज उरत नाही.

हा सोयीस्करपणा चित्रांत फार स्पष्ट दिसतो. डोंबिवलीतल्या शालेय साहित्याच्या दुकानात 'मानवाची उत्क्रांती' असा तक्ता मिळतो. डावीकडे वाकलेला वानर, मग हळूहळू ताठ होत जाणारी माणसे, आणि उजवीकडे दमदार पावले टाकणारा आधुनिक पुरुष. या मांडणीचे मूळ रुडॉल्फ झालिंगर या चित्रकाराने १९६५ साली टाइम-लाइफच्या 'अर्ली मॅन' या पुस्तकासाठी काढलेल्या चित्रमालेत आहे. तिच्या असंख्य नकला झाल्या आणि त्यांपैकी बहुतेकांत माणूस जसजसा ताठ होतो तसतसा तो गोरा होत जातो. शेवटचा तर सरळ युरोपीयच असतो. अशा चित्रात आफ्रिका फक्त आरंभी असते. ती निघून येण्याची जागा आहे, कोणी राहत असलेली नव्हे.

इतिहास मात्र असा एकदाच निघून येण्याचा नाही. इसवी सनाच्या पहिल्या शतकातला 'पेरिप्लस' हा ग्रीक प्रवासग्रंथ उघडावा. तांबड्या समुद्रातून निघालेला त्याचा कर्ता आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याची बंदरे सांगतो आणि त्याच ग्रंथात पुढे आपल्या कल्याणचे नाव घेतो. भडोच आणि आसपासच्या किनाऱ्यावरून गहू, तांदूळ, तूप, तिळाचे तेल, सुती कापड तिकडच्या बंदरांत जात असे, हेही तो नोंदवतो. कल्याणच्या खाडीवरून रोज लोकलने जाणाऱ्या आम्हा प्राध्यापकांना हे उशिरा वाचायला मिळाले, आणि तेही इंग्रजी भाषांतरातून, ही गोष्ट वेगळी.

माल जात-येत राहिला, तशी पुढे माणसेही आणली गेली, विकली गेली. सुमारे १५४८ साली इथिओपियात जन्मलेला, अनेकदा विकला गेलेला एक मुलगा बगदादमार्गे दख्खनमध्ये येतो, निजामशाहीचा पेशवा चंगीझखान (तोही हबशीच) त्याला विकत घेतो, आणि हाच गुलाम पुढे निजामशाहीचा सर्वाधिकारी होऊन १६२६ साली मरेपर्यंत मोगलांना थोपवून धरतो. मलिक अंबरची ही कथा वाचकांना ठाऊक असेल. त्याची चित्रे तितकी ठाऊक नसावीत.

जहांगीरच्या दरबारातला अबुल हसन हा अव्वल चितारी. त्याच्या सुमारे १६१६ च्या चित्रात पृथ्वीगोलावर उभा जहांगीर भाल्याच्या टोकावर खोचलेल्या अंबरच्या शिरावर बाण सोडतो आहे. त्या शिरावर घुबड बसले आहे, आणि चित्रातल्या फारसी मजकुरात अंबरच्या वर्णाचे रात्रीशी नाते जोडले आहे. हे चित्र आज डब्लिनच्या चेस्टर बीटी संग्रहात आहे. असे काही कधी घडले नव्हते. अंबर जिवंत होता. जे रणांगणावर साधले नाही ते कागदावर साधून घेतले गेले.

त्याच दरबारातल्या हाशिमने पुढच्या काही वर्षांत काढलेले अंबरचे चित्र लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. हाशिम मूळचा दख्खनी असावा, असे अभ्यासक मानतात. इथे शिर धडावर आहे. पांढऱ्या जाम्यातला वयस्कर, भारदस्त पुरुष एका बाजूने दिसतो. चेहऱ्याच्या रेषेत ना विटंबना आहे ना गौरव. आहे ती नीट पाहण्याची तसदी. धनी तोच, शत्रू तोच, आणि तरी चित्रकाराने माणूस पाहिला. दुसऱ्या चित्राचे मोल आम्हाला म्हणूनच अधिक वाटते, जरी कलेच्या इतिहासात पहिल्याचीच चर्चा जास्त होते.

हे चित्र आम्ही वर्गात दाखवले तेव्हा 'कोणी आफ्रिकन राजा' इतकेच उत्तर आले. खडकी वसवणारा, तिथे नहर आणणारा, १६२४ च्या भातवडीच्या लढाईत ज्याच्या बाजूने शहाजीराजे लढले तो हा, असे कोणाला सुचले नाही. दोष विद्यार्थ्यांचा नाही. परमानंदाच्या 'शिवभारता'त अंबर पराक्रमी सेनानी म्हणून येतो, पण आपल्या ऐतिहासिक कादंबरीने 'हबशी' हा शब्द जंजिऱ्याच्या सिद्दीपुरता, म्हणजे खलनायकापुरता राखून ठेवला.

दुसरी गोष्ट आम्हाला अधिक बोचते. दलित साहित्याच्या चळवळीने आफ्रिकी वारशाशी नाते जोडले ते अमेरिकेच्या वाटेने. १९७२ च्या दलित पँथरने ब्लॅक पँथरचे नाव घेतले, जनार्दन वाघमारे यांनी अमेरिकन निग्रो साहित्यावर ग्रंथ लिहिला, आणि या विचारमंथनाचे एक मोठे केंद्र होते औरंगाबादचे मिलिंद महाविद्यालय. म्हणजे आज छत्रपती संभाजीनगर म्हणतात ते, एका आफ्रिकी गुलामाने वसवलेले शहर! त्या नात्याचे महत्त्व आम्ही कमी लेखत नाही. त्याने मराठी साहित्याला जे दिले ते थोडे नाही. पण अंबर त्या चर्चेच्या मध्यभागी कधी आला नाही, कारण तो कोणत्याच साच्यात बसत नव्हता. गुलाम होता पण सत्ताधीश झाला. स्वराज्याच्या आधीचा होता आणि निजामशाहीचा होता.

'अंबर स्वतःला आफ्रिकी म्हणवत तरी होता का?' असे कोणी विचारील. आजच्या अर्थाने कदाचित नसेल. तो दख्खनी दरबाराचा माणूस झाला होता. परंतु जहांगीर आपल्या आठवणींत त्याला त्याच्या रंगावरूनच हिणवतो. माणूस स्वतःला काय म्हणवतो आणि जग त्याला काय म्हणते, यांतले अंतर दलित आत्मकथने शिकवणाऱ्यांना नव्याने सांगायला नको. ३२ लाख वर्षांपूर्वीची आफ्रिकी आजी आपल्याला चालते आणि ४०० वर्षांपूर्वीचा आफ्रिकी वजीर परका वाटतो, हे कोडे इतिहास विभागाकडे ढकलून मोकळे होता येणार नाही.

पुढच्या सत्रात ऐतिहासिक कादंबरी शिकवण्याआधी आम्ही ही दोन्ही चित्रे वर्गात शेजारी शेजारी लावणार आहोत. तिसरा तो तक्ता. तो जीवशास्त्र विभागाकडून मागून आणावा लागेल.