जुलूसातला लेझर: दिसतो किती आणि इजा किती?

मिरवणुकीत लेझर लावायचा तर कोणता रंग? जो जास्त उठून दिसेल तो. बहुतेक वेळा उत्तर येते हिरवा. ईद-ए-मिलादच्या जुलूसात आपली पोरे म्हणतात, हिरवा हा आपलाच रंग. पण गणपती विसर्जनातही हिरवाच किरण आकाशभर फिरत असतो. याचे कारण धर्मात नाही, डोळ्यात आहे.

माणसाचा डोळा सगळ्या रंगांना सारखा प्रतिसाद देत नाही. उजेडात तो ५५५ नॅनोमीटरच्या आसपासच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक संवेदनशील असतो. अंधाराला सरावला की हा बिंदू ५०७ कडे सरकतो. बाजारातला नेहमीचा हिरवा लेझर ५३२ चा, म्हणजे या दोन्हींच्या मधला. म्हणून तो तेवढ्याच ताकदीच्या ६५० च्या लाल किरणापेक्षा सुमारे आठपट तेजस्वी भासतो. ४०५ चा जांभळा मात्र त्याच ताकदीला जेमतेम दिसतो. शिवाय किरणाची रेघ आपल्याला दिसते ती हवेत प्रकाश विखुरल्यामुळे, आणि हवेच्या रेणूंवरून हिरवा प्रकाश लालपेक्षा दुपटीहून अधिक विखुरतो. त्यात पावसाळी दमट हवा आणि फटाक्यांचा धूर असला की रेघ आणखी ठळक होते.

इथेच फसगत होते. जो किरण फिका दिसतो, तो सौम्य असेल असे आपण धरून चालतो. पण किरण किती दिसतो हे डोळ्याच्या आवडीवर ठरते. इजा किती होईल हे वॅटवर आणि डोळ्यात किती वेळ गेला त्यावर. लाल, हिरवा, निळा, तिन्ही किरण बुबुळातून आत शिरतात आणि डोळ्याचे भिंग त्यांना दृष्टिपटलावर एका बारीक ठिपक्यात गोळा करते. निळा डोळ्याला मंद वाटतो, पण दृष्टिपटलावर रासायनिक इजा करण्यात तोच पुढे असतो. लखलखीत उजेड आला की पापणी साधारण पाव सेकंदात मिटते. १ मिलीवॅटच्या पॉइंटरपासून एवढा बचाव पुरतो. मिरवणुकीतल्या यंत्रांची ताकद वॅटमध्ये असते. तिथे पापणी मिटेपर्यंत उशीर झालेला असतो. २०२३ च्या गणेशोत्सवात दृष्टिपटलावर रक्तस्राव झालेल्या तरुणांच्या बातम्या आपण वाचल्या आहेत.

तीव्र प्रकाशाकडे पाहिल्याने डोळ्याला इजा होते, ही साधी गोष्ट इब्न अल-हैसम यांनी अकराव्या शतकात आपल्या प्रकाशशास्त्राच्या ग्रंथात सुरुवातीलाच नोंदवली. त्यांचे नाव आपण अभिमानाने घेतो. मग त्यांचे म्हणणे जुलूसातही ऐकायला हवे.

यावर लगेच विचारले जाते, ‘आम्हालाच का सांगता? त्यांच्या मिरवणुकीत काय चालते ते बघा.’ सप्टेंबर २०२४ मध्ये ईद-ए-मिलादच्या जुलूसातील डीजे आणि लेझरचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. तेव्हा आवाजाबाबत न्यायालयाने सरळ म्हटले, की गणेशोत्सवात जे घातक, ते ईदलाही घातक. लेझरबाबत मात्र शास्त्रीय आधार मागितला. आवाजाचा न्याय प्रकाशालाही लावा, अशी मागणी आपण जरूर करावी. पण ती करण्याचा अधिकार आपला जुलूस स्वच्छ असेल तरच शोभतो.

किरण लोकांच्या डोक्यावरून निदान ३ मीटर उंचीने जावा, असा लेझर शोचा रिवाज आहे. मोकळ्या मैदानात तो पाळता येईल. मोहल्ल्याच्या गल्लीत त्याच उंचीवर सज्जे असतात, सज्जात आया-बहिणी उभ्या असतात आणि बापाच्या खांद्यावर बसून मूल थेट दिव्याकडे बघत असते. गल्लीत सुरक्षित लेझर असा काही प्रकारच नाही. जुलूस कमिटीने ठेकेदाराला रंग विचारत बसू नये, लेझर नकोच म्हणून सांगावे. रस्त्यातली त्रासदायक वस्तू दूर करणे हा ईमानचा भाग आहे, असे आपल्याला शिकवले आहे. ती वस्तू आपणच ट्रॉलीवर चढवून, वर्गणीच्या पैशाने मिरवायची, हे रसूलच्या जन्मदिनाला तरी शोभत नाही.