ना शाबासकीने, ना छडीने

मुलांच्या आत्मविश्वासाचा विषय निघाला की घरातच दोन तट पडतात. एकाचं म्हणणं, मुलाचं सतत कौतुक करा, त्याला हरू देऊ नका. दुसऱ्याचं म्हणणं, आम्ही मार खाऊन घडलो, हल्लीची पोरं लाडाने बिघडली. दोघांनाही मुलाचं भलंच हवं आहे. पण दोघांचाही समज एकच, की आत्मविश्वास बाहेरून भरता येतो.

आधी कौतुकवाल्यांचं पाहू. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी अमेरिकेतल्या पाचवीच्या मुलांवर केलेले प्रयोग १९९८ साली प्रसिद्ध झाले. कोडी सोडवल्यावर काही मुलांना ‘तू हुशार आहेस’ असं सांगितलं, तर काहींच्या मेहनतीची तारीफ केली. पुढे मुद्दाम अवघड कोडी दिली. ती सुटेनात तेव्हा ‘हुशार’ मुलं जास्त खचली, नंतरच्या सोप्या कोड्यांतही मागे पडली आणि आपले गुण सांगताना त्यांच्यातली बरीच खोटं बोलली. यात नवल नाही. हुशारीचा शिक्का एकदा बसला की तो जपण्यातच मुलाची शक्ती जाते आणि अवघड गणिताला हात लावायचीच त्याला भीती वाटते.

आता छडीवाले. ‘आम्हाला काय झालं?’ हा त्यांचा हुकमी एक्का. पण असं विचारायला तेच उरतात, जे त्यातून तरले. माराच्या धाकाने ज्यांनी शाळा सोडली, ते माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात येऊन हिशेब मांडत नाहीत. शिक्षण हक्क कायद्याने २००९ साली शाळेतल्या शारीरिक शिक्षेवर बंदी घातली, ती उगाच नाही. शिवाय छडीने मूल धीट होत नाही, ते फक्त न सापडण्यात पटाईत होतं.

‘श्यामच्या आई’नेही श्यामला मारून पोहायला पाठवलं होतं, असा दाखला हटकून दिला जातो. पण श्याम पोहायला शिकला तो पाण्यात, शिमटीने नव्हे. गावोगावच्या विहिरींत मुलं शिकली ती पाठीला डबा किंवा सुका भोपळा बांधून, शेजारी कुणीतरी पोहणारा असताना. हात-पाय मात्र त्यांनी स्वतःच मारले. सरावलेल्याचा डबा सोडून घ्यायचा, हेही त्या शिकवणाऱ्याला कळत होतं.

आपण डबा सोडतच नाही. शाळेचा प्रकल्प आई रात्री जागून पुरा करते. वहीत गृहपाठ लिहून घ्यायचा राहिला, तर बाबा पालकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर विचारतात. मैदानातलं भांडण मिटवायला आजोबा जातात. ‘नाहीतर मार्क जातील,’ हा यावरचा आक्षेप. जाऊ द्यात. चौथीतले दोन मार्क ही फार स्वस्त फी आहे. तोच धडा बारावीनंतर महागात पडतो.

मग पालकांनी करायचं काय? हवाईतल्या काउआई बेटावर १९५५ साली जन्मलेल्या ६९८ मुलांचा एमी वर्नर यांनी अनेक दशकं मागोवा घेतला. गरिबी आणि घरातली भांडणं अशा अनेक अडचणींत वाढलेल्या मुलांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलं कर्तबगार निघाली. त्यांच्या आयुष्यात जीव लावणारं, भरवशाचं निदान एक मोठं माणूस होतं. घरात त्यांच्यावर कामाची जबाबदारीही असे.

या दोन गोष्टी कुठल्याही घराला परवडतात. सातवीतल्या मुलीला भाजी आणायला पाठवा, आणि दहा रुपये जास्त देऊन आली तर पुढच्या वेळीही तिलाच पाठवा. हरलेल्या मुलाला लगेच समजूत घालून गप्प करू नका. ‘कुठे अडलं?’ एवढं विचारा आणि उत्तर ऐका. शाबासकी जरूर द्या, पण केलेल्या कामाची. शिस्त लावा, पण ती अपमान करून नको. ‘मला जमतं’ हे वाक्य मुलाला पाठ करून देता येत नाही. काहीतरी जमल्यावरच ते त्याला खरं वाटतं, आणि जमायचं तर आधी फसण्याची मुभा हवी. ती देणं हे पालकांचं काम आहे.