गुणाकार आवरा!

विठ्ठलवाडीचा माणूस सिंगापूरला निघाला की काय पाहायचे ते नंतर ठरते. नोटा कुठे लपवायच्या ते आधी. निम्म्या बनियनच्या चोरखिशात, निम्म्या चिवड्याच्या डब्याखाली. लोकलच्या गर्दीने लावलेली सवय ती, तिच्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती तिथल्या गुणाकाराबद्दल. कॉफीची पाटी दिसली रे दिसली, की आकडेमोड सुरू : "तीनशे रुपये? तेवढ्यात आपल्याकडे अख्खी सोसायटी चहा पिईल!" वहिनी बिचाऱ्या मुकाट्याने पाण्याची बाटली उघडतात.

अहो, तो गुणाकार आम्ही बँकेतच करून दिला होता की! १९७०च्या सुमारास परदेशी जाणाऱ्याच्या हातावर सरकार जेमतेम आठ डॉलर टेकवीत असे. तेव्हाची काटकसर समजते. आज एका प्रवासाला साधारणपणे ३००० अमेरिकी डॉलरच्या नोटा नेता येतात, वर कार्ड असते ते वेगळेच. तरी निम्म्या नोटा तशाच परत! आता आतली गोष्ट सांगतो. बँक चलन विकते चढ्या भावाने आणि परत घेते पडत्या भावाने. म्हणजे कॉफी प्यायली नाही, तरी घोटभर पैसे गेलेच.

काहीजण म्हणतात, पुढच्या खेपेला होतील. नियमाने २००० डॉलर जवळ ठेवता येतात, नाणी तर कितीही. पण वहिनींचे गुडघे कुठल्या नियमाने ठेवणार?

तेव्हा निघतानाच थोड्या नोटा त्यांच्या पर्समध्ये टाका. आणि हिशेब मागू नका.