विहिरींतील काळा पाषाण आणि हवेचा हातोडा

उन्हाळा लागला कीं आपल्या धाराशिव जिल्ह्यांत विहीर खोल नेण्याची एकच घाई उडते. कंप्रेसरच्या हवेवर चालणारा हातोडा, ज्यास आपण सरसकट ‘ब्रेकर’ म्हणतों, तो या कामीं अत्यंत उपयुक्त आहे यांत शंका नाहीं. परंतु तो कोणत्या दगडासाठीं, किती हवेवर आणि कोणत्या मापाच्या छिन्नीनें चालवावयाचा, याचा विचार न करतांच शेतकरी पैसे मोजतो. माझें स्वतःचें तसेंच झालें, म्हणून हे चार शब्द लिहिण्याचें धाडस करीत आहें.

2016 सालीं, ज्या उन्हाळ्यांत लातूरकरांसाठीं मिरजेहून आगगाडीनें पाणी आणावें लागलें, त्याच उन्हाळ्यांत मीं कळंब तालुक्यांतील आमच्या विहिरीचें काम काढलें. भाड्याच्या यंत्रापेक्षां घरचें बरें, असा हिशेब करून कर्ज काढलें व एक जुना ब्रेकर विकत घेतला. मुरूम सरला, मांजऱ्याही निघाला. पुढें काळा पाषाण लागला आणि चार दिवसांत हातभरही काम उतरलें नाहीं. छिन्नीचें टोंक तापून निळें पडे, दगडावर मात्र पांढरा ओरखडा तेवढा दिसे.

दोष हातोड्याचा नव्हता. ब्रेकर केवळ ठोके देतो. ज्या दगडाला भेग किंवा थर आहे तेथें तो पाचरीप्रमाणें शिरतो. अखंड काळ्या पाषाणास आधीं भोंक पाडावें लागतें, आणि त्यासाठीं ठोक्याबरोबर सळई फिरविणारा जॅकहॅमर लागतो. हे दोन्ही हातोडे दिसण्यांत भावंडें, पण कामांत निराळे. भोर घाटांतील रेल्वेमार्ग 1863 सालीं पुरा झाला, तो याच जातीच्या खडकांतून, हातानें भोकें पाडून व सुरुंग लावून. त्याच सुमारास, 1861 पासून, युरोपांत आल्प्स पर्वताखालील मोंसेनी बोगद्यांत हवेवर चालणारीं यंत्रें भोकें पाडूं लागलीं होतीं. भोंक पाडण्याची गरज मात्र दोन्हीकडे सारखीच होती.

आतां हवेविषयीं. वीसपंचवीस किलो वजनाचा जॅकहॅमर मिनिटास साधारण 100 ते 130 घनफूट हवा मागतो, आणि तीही हातोड्यापाशीं सुमारें 6 किलो दाबाची. गॅरेजमधील तीन अश्वशक्तीचा कंप्रेसर दहाबारा घनफूट देतो. त्यावर पत्रा कापण्याचा लहान हातोडा चालेल, विहीर नव्हे. टाकीवरील कांटा सात दाखवितो म्हणून पुष्कळजण निश्चिंत राहतात. परंतु नळी लांब व बारीक असेल तर दाब वाटेंतच खर्चीं पडतो. पाऊण इंचाहून बारीक नळी घेऊं नये, असें माझें स्पष्ट मत आहे.

छिन्नीच्या बाबतींत मीं केलेली चूक सांगावयास लाज वाटते. हातोड्यांत बसणारा छिन्नीचा षट्कोनी दांडा, ज्यास कारखानदार शँक म्हणतात, माझ्या ब्रेकरला 32 मिलिमीटरचा लागे. मीं बाजारांतून 28 चा आणला. लांबी तीच, घडण तीच, किंमत कमी. जन्मभर दप्तरांत गुंठ्यागुंठ्याचा हिशेब तपासणाऱ्या मला चार मिलिमीटर दिसले नाहींत! छिन्नी सैल बसली, ठोका तिरपा पडूं लागला, दांडा तुटला आणि तुटका तुकडा मजुराच्या नडगीस लागला. जखम भरण्यास दीड महिना गेला. औषधपाणी मीं केलें, पण त्याच्या बुडालेल्या रोजगाराची भरपाई पुरी झाली असें मी म्हणणार नाहीं.

म्हणून छिन्नी घेतांना जुनी छिन्नी बरोबर न्यावी व व्हर्नियरनें मोजून घ्यावी. मुरमास रुंद पात्याची, भेगाळ दगडास टोकदार घ्यावी. साधें पोलादी टोंक लोहाराकडे शेवटून घेतां येतें, मात्र त्यास पाणी देणारा हात जाणता हवा; पाणी अधिक झालें तर टोंक उडतें, कमी झालें तर वाकतें. जॅकहॅमरच्या सळया क्रमानें वापराव्यात. पहिली 34 मिलिमीटर तोंडाची, पुढची 33, त्यापुढची 32, म्हणजे लांब सळई आधींच्या भोकांत अडकत नाहीं. भोंक पाडतांना पाणी सोडावें. कोरडी धूळ मजुराच्या छातींत जाते. त्या भोकांत सुरुंग भरणें हें परवानाधारकाचेंच काम आहे, तेथें काटकसर चालत नाहीं.

इतकें सामान एकेका शेतकऱ्यानें घ्यावें, हें मला मुळींच पटत नाहीं. काळा पाषाण लागतो तो थोडे दिवस. उरलेलें वर्ष यंत्र गोठ्यांत गंजतें आणि हप्ते मात्र चालू राहतात. आपल्या मंडळानें एक चांगला जॅकहॅमर व सळयांचा पूर्ण संच घ्यावा, सभासदांस रोजाच्या दरानें द्यावा आणि प्रत्येक छिन्नीचें माप नोंदवहींत लिहावें. ती नोंदवही विनावेतन ठेवण्यास मी तयार आहें. माझी ती तुटकी 28 ची छिन्नीही मीं जपून ठेवली आहे. मंडळाच्या कचेरींत खुंटीस टांगण्यासाठीं ती येत्या सभेंत आणून देतों.