दानातून इमारत, भागीदारीतून रुग्णालय

रुग्णालय उभारण्यास पैसा मिळतो, ते चालविण्यास मिळत नाही, हा सार्वजनिक सेवेच्या क्षेत्रातील जुना अनुभव आहे. नव्या इमारतीवर दात्याचे नाव कोरता येते, यंत्राच्या उद्घाटनाचा समारंभ करता येतो. परंतु रात्रपाळीच्या परिचारिकेचे वेतन, जनित्राचे डिझेल, चादरींची धुलाई या गोष्टींवर कोनशिला बसविता येत नाही. रुग्ण बरा होतो तो मात्र मुख्यतः याच खर्चाच्या बळावर. चर्चशी संलग्न असलेल्या, आणि ज्यांना खेड्यापाड्यांतील माणूस आजही ‘मिशनचा दवाखाना’ म्हणूनच ओळखतो, त्या रुग्णालयांच्या आजच्या अडचणींचे मूळ बव्हंशी येथे आहे.

या रुग्णालयांचा प्रारंभ परदेशी देणग्यांतून झाला. कॅनडात जन्मलेले आणि अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनच्या वतीने आलेले शल्यविशारद विल्यम वान्लेस यांनी १८९४ मध्ये मिरजेत रुग्णालयाची स्थापना केली. १८९७ मध्ये त्याला वैद्यकीय शाळेची जोड मिळाली. पुढे कुष्ठरोग्यांसाठी व क्षयरोग्यांसाठीही व्यवस्था झाली. सांगली-मिरज परिसरातील वान्लेसवाडी त्यांचे नाव आजही जपून आहे. तिकडे तमिळनाडूतील वेल्लोर येथे आयडा स्कडर यांनी १९०० मध्ये एका खाटेवर काम सुरू केले. न्यूयॉर्कमधील शेल नावाच्या एका सराफी व्यावसायिकाने पत्नीच्या स्मरणार्थ दहा हजार डॉलर दिले आणि १९०२ मध्ये तेथे चाळीस खाटांचे रुग्णालय उभे राहिले. या सेवेमागे धर्मप्रसाराची प्रेरणा होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु ज्या काळी शेकडो मैलांच्या टापूत शस्त्रक्रियेची सोय नव्हती, त्या काळी या दारांशी आलेल्या सर्व जातिधर्मांच्या लोकांना तेथे उपचार मिळाले, हेही तितकेच खरे आहे.

तथापि केवळ देणग्यांवर वेल्लोर आजच्या योग्यतेस चढले असते, असे समजणे चूक ठरेल. तेथे १९१८ मध्ये स्त्रियांसाठी वैद्यकीय शाळा निघाली. पदविकेच्या शिक्षणाचे दिवस संपत आले आणि विद्यापीठीय पदवीचा दर्जा गाठल्यावाचून तरणोपाय उरला नाही, तेव्हा निरनिराळ्या पंथांच्या, एरवी परस्परांपासून अंतर राखणाऱ्या चर्चसंघांनी आपली शक्ती एकत्र केली. १९४२ मध्ये पदवी अभ्यासक्रम सुरू झाला आणि १९४७ मध्ये पुरुष विद्यार्थ्यांनाही प्रवेश मिळू लागला. या सहभागी चर्चसंघांनी पैशापेक्षा मोलाची एक पद्धत रूढ केली. चर्चने विद्यार्थी पुरस्कृत करावा आणि शिक्षण पूर्ण झाल्यावर त्याने ठरलेली काही वर्षे दूरच्या, गरजू भागातील रुग्णालयात सेवा करावी, अशी ही पद्धत होय. मोठ्या संस्थेने लहान संस्थेला माणूस पुरवावयाचा आणि लहान संस्थेने मोठीला तिच्या कार्याचे प्रयोजन पुरवावयाचे, असा हा व्यवहार आहे. यालाच भागीदारी म्हणता येईल. दाता एकदा देऊन मोकळा होतो. भागीदाराला संस्थेच्या सुखदुःखात राहावे लागते.

या पद्धतीचे सर्वांत मोलाचे फळ महाराष्ट्राच्या पदरात पडले. वेल्लोरचे पदवीधर डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी तेव्हाच्या अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील वडाळा मिशनच्या रुग्णालयात काम केले. टाळता येण्याजोग्या आजारांनी तेच रुग्ण पुन्हा पुन्हा खाटेवर येतात, हे त्यांनी तेथे पाहिले. १९७० मध्ये जामखेड येथे त्यांनी ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला, तेव्हा खेड्यातील, अनेकदा निरक्षर आणि दलित, अशा स्त्रियांना आरोग्यसेविका म्हणून तयार केले. स्वच्छ पाणी, बालकांचे पोषण, सुरक्षित बाळंतपण ही कामे गावाने स्वतःच्या अंगावर घेतली. जागतिक चर्च परिषदेच्या वैद्यकीय आयोगाने या प्रयोगाची दखल घेतली आणि १९७८ च्या आल्मा-आटा जाहीरनाम्यामागील विचारमंथनात जामखेडच्या अनुभवाचाही वाटा होता. १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. गाव हाच भागीदार झाला तर दात्याचा रुपया कितीतरी अधिक काम करतो, हा जामखेडचा धडा आहे.

आज परिस्थिती पालटली आहे. परदेशी मंडळींचा हात पूर्वीच आखडला होता. त्यातच परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये दुरुस्ती होऊन एका संस्थेने घेतलेली परदेशी देणगी दुसऱ्या संस्थेकडे वळविण्यास बंदी झाली, आणि प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली. परकीय पैशावर देखरेख ठेवण्याचा शासनाचा अधिकार कोणीही अमान्य करणार नाही. परंतु मध्यवर्ती संस्थेने निधी घ्यावा आणि आडगावच्या लहान रुग्णालयांना वाटून द्यावा, हा मार्ग त्यामुळे बंद झाला. ज्या रुग्णालयाकडे कायद्याची कागदपत्रे सांभाळणारा एक कारकूनही धड नाही, त्याला याची झळ सर्वाधिक लागणार, हे उघड आहे.

देशातील उद्योगांचा पैसा ही पोकळी भरून काढील, अशी आशा व्यक्त केली जाते. २०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांवर सरासरी नफ्याच्या २ टक्के रक्कम सामाजिक कार्यासाठी खर्च करण्याचे बंधन घातले आहे. हा पैसा लहान नाही. पण त्याचाही ओढा वास्तू, यंत्रे आणि रुग्णवाहिका यांच्याकडे अधिक. यंत्र फुकट मिळाले तरी त्याची दुरुस्ती, वीज आणि ते हाताळणारा तंत्रज्ञ फुकट मिळत नाही. अशा वेळी देणगीच रुग्णालयाच्या गळ्यातील धोंड होऊन बसते.

दुसरीकडे, धर्मादाय रुग्णालयांनी १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत व १० टक्के दुर्बलांसाठी सवलतीने ठेवाव्यात, आणि एकूण देयकांच्या २ टक्के रक्कम निर्धन रुग्ण निधीत जमा करावी, अशी योजना महाराष्ट्रात २००६ पासून लागू आहे. ती न्याय्यच आहे. मात्र सधनांची रीघ असलेल्या महानगरातील रुग्णालयाला हे प्रमाण जेवढे पेलते, तेवढे तालुक्याच्या गावी पेलत नाही. तेथे पैसे देऊ शकणारा रुग्ण शहराकडे जातो आणि न देऊ शकणारा मिशनच्या दारी येतो. एकाच्या देयकातून दुसऱ्याचा उपचार, हे गणित मग जुळावे कसे? शासकीय आरोग्य योजनांची देयके वेळेवर चुकती होणे अशा रुग्णालयांच्या दृष्टीने जीवनमरणाचा प्रश्न असतो, तो यामुळेच.

यातून मार्ग काढावयाचा तर तिघांनी आपापली रीत बदलली पाहिजे. दात्यांनी इमारतीबरोबर ती चालविण्याचा खर्चही उचलावा. एक कोटी रुपयांचा कायम निधी सात टक्क्यांनी ठेवला तर वर्षाला सात लाख रुपये येतात. दोन-तीन परिचारिकांच्या वेतनाची त्यातून कायमची तरतूद होते. हे दान कोनशिलेपेक्षा अधिक काळ टिकेल. चर्चच्या चालकांनी हिशेब सर्वांसमोर मांडावेत आणि नियामक मंडळात गावातील जाणत्या नागरिकांना, त्यांचा धर्म न पाहता, मानाने स्थान द्यावे. संस्थेच्या जमिनी व मालमत्ता यांविषयी लोकांच्या मनात संशय असेल, तर देणगीचा ओघ आटणारच.

तिसरी जबाबदारी समाजाची, म्हणजे तुमचीआमची. ‘ते परदेशी लोकांचे रुग्णालय, ते पाहून घेतील,’ ही भावना अजून आपल्या मनातून गेलेली नाही. पाहून घेणारे ते लोक केव्हाच निघून गेले आहेत. मिरजेत १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय निघाले, तेव्हा विद्यार्थ्यांच्या प्रत्यक्ष शिक्षणासाठी मिशनच्या रुग्णालयाचाच आधार घेण्यात आला होता. ही संस्था आपली आहे, असे मानण्यास याहून अधिक पुरावा कशास हवा? कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था घरोघरच्या मूठभर धान्यावरही वाढली. शाळेसाठी जे महाराष्ट्राला साधले, ते रुग्णालयासाठी अशक्य का मानावे? शिक्षकाने, कारकुनाने वर्षातून एका दिवसाचे वेतन आपल्या तालुक्यातील अशा रुग्णालयाला द्यावे आणि वर्षअखेरीस त्याचा हिशेब हक्काने मागावा. त्या पैशाइतकीच गरज हिशेब मागणाऱ्यांचीही आहे; कारण ज्या संस्थेला कोणी जाब विचारत नाही, ती बंद पडली तरी तिच्याविषयी कोणी विचारत नाही.